वाकळ : घरोघरचा इतिहास

धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गांव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत, तगराहून भडोच बंदराकडे गाड्यांतून कापड जाई, अशी नोंद आहे. त्यांत जाडेंभरडें होतें, तसें तलमहि होतें. परदेशीं गेलेल्या कापडाची अशी नोंद राहिली. घरांतच विरलेल्या कापडाची दखल कोणी घ्यावी? ती वाकळेनें घेतली.

सुगी आटोपली कीं जुनीं लुगडीं, धोतरें धुऊन निघत. ओसरीवर लुगडें अंथरून त्यावर चिंध्यांचे थर लावावयाचे, कडांवर दगड ठेवावयाचे आणि शेजारणींनीं चहूंबाजूंस बसून धावदोरा घालावयाचा. वाकळ एका घरची, श्रम चार घरचे. उद्यां हीच बैठक दुसरीच्या ओसरीवर. हात चालत तशा माहेरच्या, पीकपाण्याच्या गोष्टीहि चालत. हा तुकडा आजीच्या लुगड्याचा, तो बाळाच्या कुंचीचा, अशी ओळख सांगतां सांगतां कुटुंबाचा वृत्तांत शिवला जाई.

ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. उमरगा भागांतील दगडमातीच्या जड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. मदतीच्या पांघरुणांनीं थंडी भागली. परंतु कोणता तुकडा कोणाचा, हें सांगणारीं कित्येक तोंडें कायमचीं मिटलीं.

वाकळेवर सन किंवा नांव नसतें. तिचे तुकडे ओळखणारी वृद्धा घरांत आहे, तोंवरच ती वाचतां येते. तिला वेळींच विचारून ठेवणें, हेंहि इतिहासाचेंच कार्य होय.