मुलींचं मैदानी उन्हाळी शिबिर : दादरच्या मैदानावर काय चालतं, आपल्या गावात कसं भरवायचं

एप्रिल उजाडला की आपल्याकडे गावोगाव टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात. वर्गणी निघते, मंडप पडतो, स्पीकर लागतो, चषक येतो. या सगळ्यात मुली कुठे असतात? पाचवी-सहावीपर्यंत त्या शाळेच्या पटांगणात लंगडी, खो-खो खेळताना दिसतात. सातवी-आठवीपासून दिसेनाशा होतात. "आता मोठी झाली" एवढं एक वाक्य त्याला पुरतं.

यंदाच्या सुट्टीत गावातल्या वीस-पंचवीस मुलींसाठी दहा दिवसांचं छोटं मैदानी शिबिर भरवायचं असेल तर काय लागतं, याची ही माहिती. सुरुवात मात्र मुंबईतून करतो, कारण हे काम तिथे बरीच वर्षं चाललेलं आहे.

दादरला काय बघितलं

झेंडू घेऊन दादरच्या फूल मार्केटला जाणाऱ्या शेतकऱ्यांना माहीत आहे, पहाटे माल उतरला, पट्टी हातात पडली की परतीच्या गाडीपर्यंत वेळ मोकळा असतो. एकदा मे महिन्यात मी असाच चालत शिवाजी पार्कला गेलो. सकाळचे सात वाजले असतील. एका कोपऱ्यात उंच दोर टांगलेले आणि त्यावर दहा-बारा वर्षांच्या मुली सरसर चढत होत्या. वर जाऊन हात सोडून, पायाच्या अंगठ्यात आणि बाजूच्या बोटात दोर धरून उलट्या झाल्या. खाली आया पिशव्या सांभाळत बसलेल्या. कुणाला त्यात नवल वाटत नव्हतं. नवल मलाच वाटत होतं.

हे शिवाजी पार्कवरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर. १९२५ साली सुरू झालेली ही संस्था मल्लखांबासाठी ओळखली जाते. उन्हाळ्यात इथे मुलामुलींसाठी मैदानी शिबिर भरतं. इथले प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच शिवाजी पार्कवर झाली. मल्लखांबासाठी अर्जुन पुरस्कार मिळवणारी हिमानी परब ही मुंबईचीच मुलगी.

मैदानाबद्दलही सांगण्यासारखं आहे. सुमारे २८ एकरांचं हे मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये महापालिकेतल्या सदस्य अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. म्हणजे मैदानाच्या नावामागेही एक बाईच आहे.

दादरच्या पुढे परळ, लालबाग. हा गिरणगाव. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे गिरणीत कामाला तिथेच गेले. कोकणातून, सातारा-सांगलीकडून गेलेल्या या माणसांनी दहा बाय बाराच्या खोलीत संसार केला, पण व्यायामशाळा आणि कबड्डीची मंडळं काढायची सोडली नाहीत. चाळीच्या मधल्या जागेत, गल्लीत, जिथे मिळेल तिथे आखणी केली. पुढे त्याच भागात मुलींचे कबड्डी आणि खो-खोचे संघ उभे राहिले.

तिथे मुली आहेत, जागा नाही. आपल्याकडे जागा आहे, पण तिथे मुलींसाठी ठरलेली वेळ नाही आणि सोबतीला उभं राहणारी मोठी बाई नाही. शिबिर म्हणजे मुळात या दोन गोष्टींची सोय.

ही कल्पना आली कुठून

मुलींनी घराबाहेर, उघड्यावर शिबिर करण्याची पद्धत जगभर पसरवली ती गर्ल गाईड चळवळीने. १९०९ मध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेस इथे मुलांचा स्काउट मेळावा होता. तिथे काही मुली न बोलावता गणवेश घालून हजर झाल्या आणि आम्हालाही यात घ्या म्हणाल्या. त्यातून १९१० मध्ये मुलींची स्वतंत्र संघटना निघाली. भारतात तिची सुरुवात १९११ मध्ये जबलपूरला झाली. गाईड मुलींच्या जागतिक केंद्रांपैकी एक, 'संगम', १९६६ पासून आपल्या पुण्यात आहे.

त्यांच्याकडून घेण्यासारखी एक गोष्ट : सहा ते आठ मुलींचा एक गट आणि त्यांच्यातलीच एक गटप्रमुख. हजेरी, पाणी, सामान ही जबाबदारी गटप्रमुखाची. वीस-पंचवीस मुली असतील तर तीन-चार गट होतात आणि एक ताई सगळ्यांकडे नीट लक्ष देऊ शकते.

दिवसाचं वेळापत्रक

शिबिर सकाळी साडेसहा ते साडेआठ. त्यानंतर ऊन चढतं. शिवाय घरचं पाणी भरणं, धाकट्या भावंडाला सांभाळणं ही कामं मुलींच्याच अंगावर असतात. दोनच तास असले तर घरचे नाही म्हणत नाहीत.

६.३० : हजेरी, मैदानाला दोन फेऱ्या, अंग मोकळं करणं
६.५० : सूर्यनमस्कार, नंतर लेझीम (लेझमी बहुतेक शाळांत पडून असतात)
७.१५ : पाणी
७.२५ : मैदानी खेळ
८.१० : झाडं-पक्षी ओळखणं, प्रथमोपचार, गाठी मारणं, यातलं रोज एक
८.२५ : पाणी, सामान आवरणं, घरी

कोणते खेळ घ्यावेत

खो-खो : एका वेळी पाठलाग करणाऱ्या संघाच्या नऊ जणी मैदानात असतात, आठ बसलेल्या आणि एक धावणारी. पळणाऱ्या संघातून तिघी-तिघी येतात. दोन खांब आणि फक्की एवढंच सामान.

कबड्डी : एका संघात सात जणी. मुलींचं मैदान १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद. चढाईला ३० सेकंद. जागा नांगरून, खडे वेचून, पाणी मारून मऊ करावी. हे काम गावातल्या पोरांना सांगा, क्रिकेटची खेळपट्टी करतात तेवढीच मेहनत आहे.

लंगडी आणि लगोरी : काहीच लागत नाही. पहिल्या दिवशी लाजणाऱ्या मुलींसाठी हेच खेळ आधी घ्यावेत.

धावणं आणि गोळाफेक : पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते, मैदानी चाचणीचे एकूण ५० गुण. भरतीची जाहिरात आल्यावर तीन महिन्यांत दम वाढत नाही. सवय आठवीपासून हवी. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षणही आहे, पण ते ठरावीक स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळतं.

दोरीचा मल्लखांब मात्र बघून करू नये. व्हिडिओ बघून आंब्याच्या फांदीला नायलॉनचा दोर बांधला आणि मुलगी पडली, असं व्हायला नको. त्याला सुती दोर, पक्की तुळई, खाली गादी आणि शिकलेला प्रशिक्षक लागतो. तालुक्यात असा कोणी असेल तर एक दिवस जरूर बोलवा.

आधी करायची कामं

१. शाळेचं पटांगण वापरायचं असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी. गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीची.

२. प्रत्येक मुलीच्या आईवडिलांची सहीची चिठ्ठी. त्यात फोन नंबर, दमा, फिट, हृदयाचा त्रास, चालू औषधं हे लिहून घ्यावं.

३. पूर्ण वेळ किमान दोन मोठ्या बायका मैदानावर. शाळेतल्या बाई, अंगणवाडी ताई, आशा ताई, गावची भरतीची तयारी करणारी किंवा कॉलेजला खेळणारी मुलगी, यांच्यातून माणसं मिळतात. बाहेरचा पुरुष प्रशिक्षक आला तरी या दोघींनी जागेवरून हलायचं नाही.

४. शाळेच्या मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली आदल्या दिवशी घ्या, आत पाणी भरून ठेवा. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं आणि मुली दुसऱ्या दिवशी येत नाहीत ते याच कारणाने.

५. पाळीच्या दिवसांत यायचं का, खेळायचं का, हे मुलीने ठरवावं. चारचौघांत विचारू नये. ताईच्या पिशवीत पॅड असावेत.

६. फोटो. आजकाल प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. पालकांच्या परवानगीशिवाय मुलींचे फोटो, व्हिडिओ काढायचे नाहीत, ग्रुपवर टाकायचे नाहीत. कडेला उभं राहून शूटिंग करणाऱ्यांना पहिल्याच दिवशी उठवा.

ऊन, पाणी आणि प्रथमोपचार

प्रत्येक मुलीला दोन तासांत किमान एक लिटर पाणी मिळेल अशी तयारी ठेवा. मुलींना उपाशी आणू नका, घरून केळं किंवा गूळ-शेंगदाणे खाऊन यायला सांगा.

साखर-मिठाचं पाणी : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चहाचा छोटा चमचा धरावा. मीठ जास्त पडू देऊ नका.

चक्कर, उलटी, डोकं दुखणं दिसलं की लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या कापडाने अंग पुसा, वारा घाला. अंग खूप तापलं आणि मुलगी असंबद्ध बोलायला लागली तर तो उष्माघात. थांबू नका, १०८ ला फोन करा. बेशुद्ध मुलीच्या तोंडात पाणी घालू नका.

साप चावला तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं काही करायचं नाही. हातपाय न हलवता थेट सरकारी दवाखान्यात न्या.

फोन नंबर मैदानावर मोठ्या अक्षरात लावा : रुग्णवाहिका १०८, तातडीची मदत ११२, बालकांसाठी मदत १०९८.

शेवटच्या दिवशी

समारोपाला मोठा पाहुणा, हार-तुरे यात वेळ घालवू नका. आयांना बोलवा आणि त्यांचा एक लंगडीचा डाव लावा. ज्या आया बारा-तेरा वर्षांच्या असताना मैदानाबाहेर गेल्या, त्या वीस वर्षांनी परत आत येतील. घरी गेल्यावर लेकीला "आता मोठी झालीस" म्हणताना त्या एकदा तरी थांबतील.

दहा दिवस संपले की शिबिर संपतं. मैदानाची वेळ संपवू नका. आठवड्यातले दोन दिवस, एक तास, मुलींचा म्हणून ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून घ्या. क्रिकेटवाल्यांना तेवढी जागा सोडायला काही हरकत नसावी.