परळचा खर्च, हडपसरची जमा

जानेवारी १८९७. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत तुम्ही उभे आहात. चंबूंत रस्सा भरलेला आहे, शेळीच्या मांसाचा. गायीचं किंवा डुकराचं नाव निघालं असतं तर लस टोचून घ्यायला कोण पुढे आलं असतं? वर तुपाचे थेंब तरंगताहेत आणि त्यांच्या खालून प्लेगच्या जंतूंची वाढ धाग्यांसारखी लोंबते आहे. धक्का लावू नका. जंतू असे भरघोस वाढवायचे, मग तापवून मारायचे, की झाली लस. ओडेसाहून पॅरिसमार्गे आलेल्या वाल्डेमार हाफकिनच्या हाताखाली सरकारने एक कारकून आणि तीन शिपाई दिलेत. १० तारखेला तो पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतो. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी बाह्या वर करतात.

आता गिरणगावात चला. चाळींना कुलपं आहेत, बोटीत आणि आगगाडीत पाय ठेवायला जागा नाही. प्लेगच्या भीतीने निम्मं शहर गावाला पळालंय. एरवी कामगाराचा पगार आठवडेच्या आठवडे अडकवून ठेवणारे गिरणीवाले आता रोजची मजुरी रोज मोजताहेत. नाक्यावर तर चक्क मजुरांवर बोली लागली आहे. एका गिरणीचा माणूस भाव सांगतो, दुसरा चढवतो. कामावर येणारा धडधाकट माणूस काय मोलाचा असतो, हे मुंबईच्या भांडवलाला त्या नाक्यावर समजलं. बंदरातही तेच. युरोपातली बंदरं मुंबईहून येणाऱ्या मालाकडे आणि उतारूंकडे संशयाने बघताहेत. फेब्रुवारीत व्हेनिसला राष्ट्रांची परिषद भरेल, विषय प्लेगचा. त्या खोलीतल्या चंबूंवर कापसाचा, कातड्याचा, सुताचा बाजार टांगलेला आहे.

दोन वर्षं ओलांडा. ऑगस्ट १८९९, परळ. गव्हर्नरचा जुना बंगला आता प्लेगची प्रयोगशाळा झाला आहे. १९२५ पर्यंत मुंबईतून २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडतील. हाफकिनच्या वाट्याला मात्र पंजाबातलं मुलकोवाल येईल: १९०२ मध्ये तिथे लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली आणि ठपका त्याच्यावर आला. निर्दोष ठरायला पुढे कित्येक वर्षं गेली. संस्थेला त्याचं नाव मिळालं १९२५ मध्ये, तेव्हा तो भारतात नव्हता.

त्याच धनुर्वाताच्या मागावर, काही दशकं पुढे, संस्थेच्या तबेल्यात शिरा. घोड्याला विष थोडं थोडं वाढवत टोचतात. त्याच्या रक्तात उतारा तयार होतो, तो काढून शुद्ध केला की सिरम. इथे येणाऱ्या घोड्यांत पुण्याच्या पूनावाला स्टड फार्मवरचे, शर्यतीच्या कामातून उतरलेले घोडेही आहेत. इथे थोडं थांबा, कारण राज्याच्या अर्थकारणातलं एक मोठं वळण या तबेल्यात आहे. घोडे आमचे, जमीन आमची, मग सिरम आपणच का करू नये, असा हिशोब सायरस पूनावालांनी मांडला आणि १९६६ मध्ये हडपसरला सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. परळला तयार झालेले काही जाणकारही तिकडे गेले. यात लबाडी कुणाचीच नाही. सरकारी प्रयोगशाळेत शिकलेला हात खासगी कारखान्यात पगार घेतो, तेव्हा संशोधनावरच्या खर्चाची वसुली सुरू होते. ती सुरू होते पिढ्या उलटल्यावर, आणि जमेची नोंद भलत्याच वहीत पडते. म्हणूनच अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रकान्याला कात्री लावणं सोपं जातं.

१२ जानेवारी २०२१, पहाट. हडपसरजवळच्या सिरमच्या फाटकात नारळ फुटतो आणि कोविड लशीच्या शीतपेट्यांनी भरलेले ट्रक विमानतळाकडे निघतात. कुपीतलं मूळ संशोधन ऑक्सफर्डचं, पण कोट्यवधी मात्रा बनवण्याची ताकद पुण्याची. पहिल्या १० कोटी मात्रा केंद्राला प्रत्येकी २०० रुपयांनी. गुणाकार तुम्हीच करा.

तेवढ्यावर खूश होऊ नका. दोन महिन्यांनी विधान भवनात आर्थिक पाहणी मांडली जाते. राज्याचं उत्पन्न ८ टक्क्यांनी घटेल असा अंदाज आहे; शेती तेवढी ११.७ टक्क्यांनी वाढती. गाव सावरतं आणि शहर बसतं, तेव्हा मनात १८९७चा नाका येतोच.

त्याच वर्षी परळला परत या. हाफकिनच्या जैव-औषध निर्माण महामंडळाला कोव्हॅक्सिन या दुसऱ्या कोविड लशीचं काम मिळालं आहे, वर्षाला २२.८ कोटी मात्रांचं. केंद्राचे ६५ कोटी, राज्याचे ९४ कोटी, मुदत आठ महिन्यांची. इतकी वर्षं जिथे हात आखडता घेतला, तिथे एवढ्या घाईत कारखाना उभारायला सांगितला जातो आहे.