उसाच्या रानात हरवलेली भाजीची ओळ

प्रवरेकाठच्या बेलापुरातून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. हातातलं काम चालू ठेवा, कान मात्र इकडे द्या. आजचा विषय आमच्या मासिक बैठकीतच निघाला, आणि एका कर्जावरून निघाला.

गटातल्या एका सुनेनं अंतर्गत कर्जातून तीन हजार रुपये घेतले होते. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "लेकराच्या खाण्यासाठी." तिचं बाळ तेव्हा नऊ महिन्यांचं होतं. दारावर एक विक्रेता आला. त्यानं सेंद्रिय शिशुआहाराचे डबे, नैसर्गिक साबण, तेल असा सगळा संच दाखवला आणि पैसे आगाऊ घेतले. माल आला तो अर्धाच. डब्यावर ना कारखान्याचा धड पत्ता, ना प्रमाणपत्राचा नंबर. नंतर फोनही लागेना. हप्ते मात्र तिच्या डोक्यावर बसले.

बैठकीत ती खाली मान घालून म्हणाली, "मला लेकराला फवारा मारलेलं खाऊ घालायचं नव्हतं, एवढंच." तिला कुणी हसलं नाही. कारण तिची भीती खोटी नव्हती. वांग्यावर, कोबीवर किती फवारे बसतात हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? फवारलेल्या रानात खुरपायला आपणच जातो. तेवढ्यात गटातल्या एक आजी बोलल्या, "आमच्या टायमाला असला डबा नव्हता अन् फवाराबी नव्हता. मग आमचं ते खाणं गेलं कुठं?"

आजींच्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही दोन बैठका घेतल्या. म्हाताऱ्या बायांना बोलतं केलं, आपल्या भागाचा इतिहास चाळला. जे हाती लागलं ते आज सांगतो.

आपला भाग मूळचा कमी पावसाचा. सह्याद्रीवर ढग रिते होतात, आपल्याकडे उरलंसुरलं येतं. म्हणून कालव्याच्या आधी इथलं रान बाजरीचं आणि ज्वारीचं. पण बाजरी एकटी कधी पेरली जात नसे. तिच्यात मटकी, हुलगे, तूर, कडेला अंबाडी. रब्बीच्या ज्वारीत करडईच्या ओळी. या मधल्या ओळी बायांच्या असायच्या. त्यांचं बी बायांनी राखलेलं असायचं, राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून गाडग्यात ठेवलेलं. कोरड्यास त्याच ओळींतून यायचं, हुलग्याचं माडगं त्यातूनच व्हायचं, करडईचं तेल घाण्यावर निघायचं. बांधावरचा तांदुळजा, घोळ, पाथरी फुकटची होती. याला कुणी 'सेंद्रिय' म्हणत नव्हतं, तसा शब्दच घरात नव्हता.

मग पाणी आलं. १९२६ साली वर भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि प्रवरेच्या कालव्यांना बारमाही बळ आलं. त्याच काळात आपल्या शेजारी हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना उभा राहिला. कंपनीनं उसासाठी शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी खंडानं घेतल्या. स्वातंत्र्यानंतर कमाल जमीन धारणेचा कायदा आला आणि अशा जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या. खंडकरी शेतकऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांना त्या परत मिळवायला कित्येक वर्षं भांडावं लागलं. ज्या घरातली जमीनच खंडानं गेली, त्या घरातल्या बाईची मटकीची ओळ कुठं राहणार?

१९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांचा स्वतःचा, सहकारी कारखाना सुरू झाला. त्याचं मोल आम्ही कमी मानत नाही. त्या उसावर घरं पक्की झाली, पोरं शाळा-कॉलेजात गेली. आमच्यातल्या काही जणी बी.ए. झाल्या त्याही उसाच्याच पैशावर. पण ऊस एकदा मोठा झाला की रान झाकून टाकतो, दुसऱ्या पिकाला जागा देत नाही. नगदी पैसा आला, आणि तो पुरुषांच्या नावावरच्या खात्यात जमा होऊ लागला. भाजी बाजारातून येऊ लागली. पाणी जास्त झालं तिथं जमिनी खारवट, चोपण झाल्या.

तिसरा बदल बियाण्याचा. १९६४ साली संकरित ज्वारीचं 'सीएसएच-१' हे वाण आलं. आपण त्याला नुसतं 'हायब्रीड' म्हणतो. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ पडला. आजींना तो लख्ख आठवतो. खडी फोडायची कामं, सुकडी, आणि परदेशातून आलेला लाल मिलो. पोट मारून जगलेल्या माणसाला जास्त पिकणारं बी नको कसं म्हणावंसं वाटेल? हायब्रीडनं पोती वाढवली, हे खरं. पण त्याचं बी घरी राखता येत नाही, दरवर्षी विकत आणावं लागतं. त्याला खत लागतं, खताबरोबर तण वाढतं, तणाला औषध, किडीला औषध. तणनाशकानं बांधावरचा तांदुळजाही जळाला. बियाण्याचं गाडगं माळ्यावर गेलं आणि पेरायचं काय हे कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ठरू लागलं. तिथं बाई सहसा जात नाही.

तर आजी, तुमचं खाणं हे असं गेलं. कालवा, कारखाना, दुष्काळ आणि हायब्रीड अशा चार टप्प्यांत, पन्नास वर्षांत. ते कुणी चोरलं नाही. प्रत्येक टप्प्याला काही मिळालं म्हणून आपण काही सोडलं. सोडताना घरातल्या बाईला विचारलं नव्हतं, एवढंच.

पण मैत्रिणींनो, जुनं ते सगळं सोनं असंही नव्हतं. त्या काळात लेकरं गोवर, घटसर्प, धनुर्वातानं जायची. बाळंतिणी जायच्या. पहाटे तीनला उठून बाईच दळायची आणि शेवटी उरलेलं खायची. म्हणून आमच्या गटानं पहिलाच ठराव केला, की नैसर्गिक जगण्याच्या नावाखाली लस चुकवायची नाही, दवाखाना टाळायचा नाही. अंगणवाडीत वजन करायचं ते करायचंच.

मग परत आणायचं काय? याचं उत्तर आम्हाला नदीच्या वरच्या अंगाला सापडलं. आपली प्रवरा अकोले तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते. त्याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला माहीत आहेत. शाळेची पायरी न चढलेली ही बाई. घरात नातू आजारी पडला, तेव्हा खाण्यातल्या औषधांचा त्यांना संशय आला आणि त्यांनी गावरान बियाणं जमवायला घेतलं. वालाचे, घेवड्याचे, भाताचे, भाज्यांचे वाण त्यांनी गोळा केले. 'बाएफ' संस्थेची साथ मिळाली, बचत गटातल्या बाया जोडल्या गेल्या, घरात बियाणे बँक उभी राहिली. त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आम्हाला त्यात मोठी वाटली ती वेगळीच गोष्ट. राहीबाईंनी काही विकत आणून सुरुवात केली नाही. आपल्या सुनेची काळजी आणि राहीबाईंची काळजी एकच होती. सून डब्याकडे गेली, राहीबाई बियाण्याकडे गेल्या.

बैठकीनंतर ती सून घरी सासऱ्यांशी बोलली. "मामा, उसाच्या कडेची एक गुंठा जागा मला द्या." मामा म्हणाले, "ऊस मोडून मेथी लावायची?" तिनं गटाची वही पुढं ठेवली. त्यात तिनं महिनाभर घरचा भाजीपाल्याचा खर्च रोज लिहिला होता. मामांनी बेरीज दोनदा केली आणि काही न बोलता उठले. चार दिवसांनी विहिरीजवळचा कोपरा नांगरलेला दिसला.

एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. एवढ्यात तिनं मेथी, पालक, शेपू, वांगी, गवार, दोडका लावला. बांधावर शेवगा, हादगा, कढीपत्ता. मधल्या ओळीत मटकी आणि हुलगे. बी माहेरून, शेजारणीकडून, गटातल्या आजींच्या गाडग्यातून आलं.

खताचं गणित सोपं आहे. विदर्भातले सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी जीवामृत घराघरांत पोचवलं. एकराचं माप सांगतात ते असं: २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. एकरात ४० गुंठे. म्हणजे एका गुंठ्याला पुरतं ५ लिटर पाणी, पाव किलो शेण, वाटीभर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ आणि ५० ग्रॅम बेसन. बादलीत कालवून सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, दोन दिवसांनी ओलीवर द्यायचं. किडीसाठी निंबोळ्या उन्हाळ्याच्या शेवटी वेचून वाळवून ठेवायच्या. १० लिटर पाण्याला अर्धा किलो कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून फवारायची. पैसा गूळ-बेसनाचाच, बाकी आपल्या दारात आहे.

बाळाच्या खाण्याचंही तसंच. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. त्यानंतर दूध चालू ठेवून, मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं सत्त्व, मुगाच्या डाळीची घट्टसर खिचडी, वर तुपाची धार, शिजवून कुस्करलेली घरची भाजी. वर्षाच्या आत मध चाटवू नका, नैसर्गिक असला तरी. जुन्या सुती लुगड्यांची दुपटी आणि लंगोट शिवा, त्यासारखं मऊ विकत मिळत नाही.

इथं एक सून मध्येच म्हणाली, "लंगोट धुवायचे कुणी?" बरोबर विचारलं. परसबाग, सत्त्व, लंगोट हे सगळं एकट्या सुनेच्या पाठीवर टाकलं, तर आपण जुनं जातंच तिच्या गळ्यात बांधलं. म्हणून दुसरा ठराव असा, की गुंठ्याला पाणी देणं आणि लंगोट धुणं यातलं एक काम घरातल्या पुरुषानं करायचं. सगळीकडे जमलंय असं नाही. दोन घरांत जमलंय, ते आम्ही टाळ्या वाजवून वहीत लिहिलंय.

आणखी दोन गोष्टी. पहिली, आपली भाजी पूर्ण सेंद्रिय आहे असा दावा करू नका. शेजारच्या रानातला फवारा वाऱ्यानं येतो, मातीत मागचं उरलेलं असतं. बाजारात उभं राहिलात तर "आम्ही औषध मारलेलं नाही" एवढंच सांगा. गिऱ्हाईकाला खरं कळतं. दुसरी, पाकीटबंद माल सेंद्रिय म्हणून घेणार असाल, तर त्यावर सेंद्रियाचं अधिकृत चिन्ह आणि प्रमाणपत्राची माहिती बघा. नसेल तर पैसे पदराला बांधून ठेवा. जमिनीची काळजी वाटत असेल तर बाभळेश्वरचं कृषी विज्ञान केंद्र आणि राहुरीचं कृषी विद्यापीठ जवळच आहे, माती तपासून घ्या.

त्या सुनेचे हप्ते फिटले. गुंठ्यातून ती श्रीमंत झाली नाही, पण आठवड्याच्या बाजारातली तिची पिशवी हलकी झाली. लेकरू आता घरभर चालतं आणि गवारीच्या शेंगा तोडून विस्कटून ठेवतं. परवा मामा स्वतःहून म्हणाले, "त्या कोपऱ्याच्या बाजूनं यंदा तणनाशक नको." आम्हाला त्या तीन हजारांचं दुःख थोडं कमी झालं.

आता तुमचं काम. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एका म्हाताऱ्या बाईला विचारून यायचं, "तुमच्या रानात मधल्या ओळीत काय असायचं?" आणि जमलं तर त्याचं मूठभर बी पदरात बांधून आणायचं. बियाण्याची वही आम्ही उघडली आहे, पहिल्या पानावर आजींचे हुलगे आहेत. पुढची पानं तुमची.

भेटू पुन्हा. काळजी घ्या, आणि जेवताना स्वतःचं ताट सगळ्यांबरोबर वाढून घ्या.