एकोणचाळीस अंकांची ग्वाही

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. २ च्या १२७ व्या घातातून १ वजा केला की ही ३९ अंकी संख्या हाती येते. ती मूळ संख्या आहे, असे एद्वार लुकास या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये जाहीर केले. आम्हांस नवल वाटते ते असे की, तिला भागून पाहण्याच्या खटाटोपात तो पडलाच नाही.

पडता तर त्याचा निभाव लागला नसता. वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक संख्येने, सेकंदाला एक भागाकार या गतीने, भागत बसल्यास सुमारे ४०,००० कोटी वर्षे लागतील. लुकासची रीत निराळी. ३ पासून आरंभ करावा. वर्ग करून त्यातून २ वजा करावेत. जिची परीक्षा घ्यावयाची त्या संख्येने भागून उरलेल्या बाकीवर पुन्हा तीच क्रिया करावी. (३ चा आरंभ सर्वच घातांकांना चालत नाही, ७ व १२७ यांना चालतो.) २ च्या ७ व्या घातातून १ वजा केल्यावर मिळणारी १२७ घेऊन पाहू. ३ वरून ७, ७ वरून ४७. पुढे ४७ चा वर्ग उणे २ म्हणजे २२०७. त्याची बाकी ४८. मग १६ आणि शेवटी शून्य. पाचव्या पायरीस शून्य आले, म्हणून १२७ मूळ. आपल्या ३९ अंकी संख्येला अशा १२५ पायऱ्या, यंत्राविना!

मारँ मेर्सेन या पॅरिसच्या धर्मोपदेशकाने १६४४ मध्ये अशा घातांकांची एक यादी दिली होती. तीत १२७ होता, तसाच ६७ ही. ६७ ची संख्या मूळ नाही, हे लुकासच्याच कसोटीने दाखविले. मात्र तिचे अवयव कोणते, हे तिने सांगितले नाही. ते १९०३ मध्ये फ्रँक कोल याने मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. म्हणजे सत्तावीस वर्षे एक संख्या विभाज्य असल्याचे ठाऊक होते आणि तिचा एकही विभाजक ठाऊक नव्हता. गुन्हा शाबीत, पण गुन्हेगार बेपत्ता! ज्ञान म्हणजे वस्तू हाती लागणे, अशी समजूत बाळगणाऱ्यांना हे पचणे कठीण. आम्हांसही ते सहज पचले नाही.

१२७ च्या बाबतीत तर हाती दाखविण्याजोगे काहीच नाही. आहे ते केवळ शेवटचे शून्य, आणि आधीच्या सव्वाशे पायऱ्यांत कोठे हातचा चुकला नाही हा विश्वास. फोकँबेर्ग याने १९१४ मध्ये ते सारे पुन्हा पडताळले, ते उगाच नव्हे.

यानंतरही १९५१ पर्यंत याहून मोठी मूळ संख्या कोणास सापडली नाही. त्या वर्षी फेरिए याने हाताने चालविण्याच्या गणकयंत्रावर ४४ अंकी संख्या सिद्ध केली. लगेच संगणक आले. २०२४ मध्ये ४,१०,२४,३२० अंकांची मूळ संख्या सापडली. तिच्यावर शिक्कामोर्तब झाले ते लेमरने १९३० मध्ये सुधारलेल्या लुकासच्याच कसोटीने. तेथेही शेवटी शून्यच उरले.