आपत्कालीन विभागातील वेदनाशमन

आपत्कालीन विभागातील वेदनाशमन म्हणजे अपघात, अस्थिभंग, भाजणे, मुतखडा, विंचूदंश इत्यादी कारणांनी तीव्र वेदना होत असलेल्या रुग्णावर रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात केले जाणारे वेदनाशामक उपचार होत. निदान पूर्ण होईपर्यंत वेदनाशामक औषध रोखून धरू नये, हे या उपचारांचे आजचे प्रमुख तत्त्व आहे.

इतिहास

तीव्र पोटदुखीत निदानापूर्वी मॉर्फीन दिल्यास लक्षणे झाकली जातात व शस्त्रक्रियेचा निर्णय चुकतो, असा समज विसाव्या शतकात दीर्घकाळ प्रचलित होता. पुढील काळातील चाचण्या व त्यांचे कॉक्रेन पुनरावलोकन यांतून अशा औषधामुळे निदानातील चुका वाढत असल्याचे आढळले नाही. १९८९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वेदनादायक विकारांनी दाखल झालेल्या १९८ रुग्णांपैकी ५६ टक्के रुग्णांना आपत्कालीन विभागात एकही वेदनाशामक मिळाले नव्हते. तेव्हापासून अपुरे वेदनाशमन हा स्वतंत्र अभ्यासविषय ठरला.

मूल्यमापन

प्रौढ रुग्णाला वेदनेची तीव्रता ० ते १० या मापनश्रेणीवर विचारली जाते. लहान मुलांसाठी चेहऱ्यांच्या चित्रांची श्रेणी वापरतात. औषध दिल्यानंतर ठराविक वेळाने पुन्हा मोजणी करून पुढील मात्रा ठरविली जाते.

औषधांची निवड

सौम्य वेदनेसाठी पॅरासिटामॉल दिले जाते. निरोगी प्रौढासाठी त्याची कमाल मात्रा दिवसाला ४ ग्रॅम आहे. अतिमात्रेमुळे यकृताला इजा होते. मुतखड्याच्या कळांवर डायक्लोफिनॅक किंवा केटोरोलॅक ही दाहशामक औषधे परिणामकारक ठरतात. मात्र मूत्रपिंडाचा विकार, जठरव्रण किंवा रक्तस्राव असल्यास ती टाळतात. विषारी सर्पदंशात रक्तस्रावाचा धोका असल्याने ॲस्पिरिन व दाहशामके वर्ज्य मानली जातात. तीव्र वेदनेत मॉर्फीन किंवा फेंटानिल शिरेवाटे, थोड्या थोड्या मात्रेत देतात. श्वसन मंदावल्यास नॅलोक्सोन हा उतारा वापरतात. अस्थिभंगात खपच्ची बांधून अवयव स्थिर केल्यानेही वेदना कमी होते.

विंचूदंश

महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, लाल विंचवाचा दंश हा आपत्कालीन उपचारांचा महत्त्वाचा विषय आहे. केवळ दंशस्थानी वेदना असल्यास पॅरासिटामॉल किंवा लिडोकेनची स्थानिक भूल दिली जाते. घाम, उलट्या व हातपाय थंड पडणे ही लक्षणे मात्र विषाचा हृदयावर परिणाम होत असल्याची सूचना देतात. तेथे केवळ वेदनाशमन पुरेसे नसते. महाड (रायगड जिल्हा) येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांसाठी प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ केला. त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. त्यांना २०२२ साली पद्मश्री जाहीर झाली.

भारतातील कायदेशीर स्थिती

अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यान्वये मॉर्फीन बाळगण्यासाठी रुग्णालयांना अनेक परवाने घ्यावे लागत. ही प्रक्रिया राज्यागणिक वेगळी असल्याने अनेक रुग्णालये मॉर्फीन ठेवणे टाळत. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ हा वर्ग निर्माण झाला. मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन व हायड्रोकोडोन या सहा औषधांसाठी देशभर समान नियम लागू झाले. ट्रामाडॉल एप्रिल २०१८ मध्ये या कायद्याच्या कक्षेत आले.

ग्रामीण भागातील उपचार

बुलढाणा जिल्ह्यातील उंद्रीसारख्या गावांतील गंभीर रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय व जिल्हा रुग्णालय अशा टप्प्यांतून जावे लागू शकते. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. प्रवासात वेदना वाढत असल्याने पहिल्याच टप्प्यावर खपच्ची व वेदनाशामक देणे महत्त्वाचे ठरते. औषधाचे नाव, मात्रा व वेळ संदर्भचिठ्ठीवर नोंदविल्यास पुढील रुग्णालयात तेच औषध दुबार दिले जाण्याचा धोका टळतो.