पायात गोळे येणे (थायरॉइडच्या रुग्णांतील)

पोटरी, तळपाय किंवा पायाच्या बोटांचे स्नायू एकाएकी आवळून काही सेकंद ते काही मिनिटे दगडासारखे कठीण होणे, म्हणजे पायात गोळा येणे. पेटका, वांब ही त्याचीच नावे. नांदेड-लातूरकडे ही तक्रार ‘पोटरीत गोळा चढला’, ‘बोटं एकावर एक चढतात’, ‘रात्री पाय वळतात’ अशा शब्दांत सांगितली जाते आणि सांगणारी व्यक्ती थायरॉइडची गोळी घेत असेल, तर पुढचे वाक्य बहुधा ठरलेले असते: ‘कॅल्शियम कमी झालं असंल.’ काही रुग्णांच्या बाबतीत ते खरेही असते. पण थायरॉइडच्या आजारात गोळे येण्याच्या वाटा किमान तीन आहेत आणि चौथ्या वाटेचा थायरॉइडशी संबंधच नसतो. प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. म्हणून गोळे कुठे येतात याहून ते कधी सुरू झाले हे जास्त महत्त्वाचे ठरते: निदानापूर्वी, गोळी चालू असताना, की गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर.

थायरॉइड (अवटू) ही गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली ग्रंथी. तिच्यात तयार होणारे थायरॉक्झिन शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या कामाचा वेग ठरवते. ते कमी पडण्याचा आजार (अवटुन्यूनता) पुरुषांपेक्षा स्त्रियांत बराच अधिक आढळतो. भारतातील आठ शहरांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत ही कमतरता दिसली. त्या आठांत मुंबई आणि गोवा होते. मराठवाड्यातले एकही शहर नव्हते.

थायरॉक्झिन कमी पडते तेव्हा: स्नायू आवळताना त्याच्या पेशीत कॅल्शियम सुटते आणि सैल पडताना ते पुन्हा साठ्यात ओढून घ्यावे लागते. हे ओढून घेणारे पंप थायरॉक्झिनच्या हुकमतीत असतात. ते मंदावले की स्नायू आवळतो वेळेवर, सुटतो मात्र उशिरा. साठवलेल्या ग्लायकोजेनपासून ऊर्जा मिळवण्याचे कामही याच वेळी रेंगाळते. त्यामुळे जिना चढताना मांड्या भरून येतात, उकिडवे बसून उठताना आधार लागतो आणि रात्री गोळे येतात. हा सुटण्यातला उशीर तपासणीत डोळ्यांनी दिसतो. रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकवून, पावले मागे लोंबती ठेवून बसवतात आणि टाचेच्या वरच्या शिरेवर (कंडरेवर) रबरी हातोडीने हलकेच टिचकी मारतात. पाऊल झटकन हलते, पण परत जागेवर येताना रेंगाळते. रक्ततपासणी सर्रास होऊ लागण्याआधी अनुभवी डॉक्टरांची भिस्त या एका टिचकीवर असे. आज ती फार कमी ठिकाणी मारली जाते, ही खेदाची गोष्ट आहे. तिला पैसे पडत नाहीत.

या अवस्थेत रक्तातील सीपीके (स्नायूंतून झिरपणारे एक विकर) वाढते, कधी एसजीओटीही वाढते. मग सीपीकेवरून हृदयाची आणि एसजीओटीवरून यकृताची शंका घेतली जाते आणि रुग्ण भलत्याच तपासण्यांच्या फेऱ्यात सापडतो. ही लक्षणे विरळ नाहीत. नेदरलँड्समधील २००० सालच्या एका छोट्या अभ्यासात अवटुन्यूनतेच्या नव्या रुग्णांपैकी ७९ टक्क्यांना स्नायू किंवा मज्जातंतूंची काही ना काही तक्रार होती. तीव्र स्वरूपात स्नायू ताठरतात आणि वरकरणी पिळदार दिसू लागतात, पण त्यांत जोर नसतो. हायडलबर्गचे मज्जाविकारतज्ज्ञ योहान हॉफमन यांनी १८९७ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून प्रौढांतील या प्रकाराला हॉफमन लक्षणसमूह म्हणतात. हे रुग्ण थायरॉक्झिनच्या योग्य मात्रेने बरे होतात, पण स्नायूंना आठवडे नव्हे तर महिने लागतात. टीएसएच (थायरॉक्झिन कमी पडले की रक्तात वाढणारे संप्रेरक) आकड्यात आले तरी गोळे थांबले नाहीत, म्हणून दोन महिन्यांतच गोळी सोडून देण्यात अर्थ नाही.

या प्रकारात एक सापळा आहे. थायरॉक्झिन कमी पडले की कोलेस्टेरॉल वाढते. कोलेस्टेरॉल दिसले की स्टॅटिनची गोळी सुरू होते. स्टॅटिनने मुळात काहींचे स्नायू दुखतात आणि अवटुन्यूनतेत हा धोका आणखी वाढतो. स्टॅटिन लिहिण्यापूर्वी टीएसएच पाहावे, हा नियम त्यासाठीच आहे. स्टॅटिननंतर पाय दुखू लागले तर तेव्हाही पाहावे.

कॅल्शियमच्या गोळीचा फेरा: थायरॉइडची गोळी चालू असूनही पायात गोळे येतात, अशा रुग्णांत सर्वात आधी पाहायची बाब ही. ही गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्झिन, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर आणि चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्ताच्या काही गोळ्या आतड्यात तिला धरून ठेवतात. ती रक्तात पुरेशी पोहोचत नाही. म्हणून त्यांच्यात किमान चार तासांचे अंतर लागते. प्रत्यक्षात काय घडते? पायात गोळे येतात, मेडिकलमधून कॅल्शियमची पट्टी आणली जाते, ‘सकाळच्या गोळ्या’ म्हणून ती थायरॉइडच्या गोळीसोबतच पडते, वर दुधाचा चहा. थायरॉक्झिन कमी शोषले जाते, टीएसएच चढते, गोळे वाढतात आणि कॅल्शियम एकाचे दोन होते. मात्राही वाढवली जाते, कारण अहवालात टीएसएच जास्त आलेले असते. पुढे कधी कॅल्शियम बंद केले की तीच वाढवलेली मात्रा जास्त होते आणि छातीत धडधड सुरू होते. गोळ्यावर दिलेले औषध गोळा टिकवून ठेवते, असा हा प्रकार आहे. मात्रेला हात लावण्याआधी वेळापत्रक विचारले, तर पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते. कॅल्शियम खरोखर हवे असेल तर दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणासोबत घ्यावे.

सकाळचा चहा सुटतच नसेल, तर थायरॉइडची गोळी रात्री झोपताना, जेवणानंतर किमान तीन तासांनी घेतली तरी चालते. रमजानच्या रोज्यांत आणि नवरात्राच्या उपवासात गोळी चुकवण्यापेक्षा हा मार्ग सोयीचा. मात्र बदल डॉक्टरांना विचारून करावा.

सोयाबीनबद्दल लातुरात हमखास विचारणा होते, आणि ते साहजिक आहे. या बाजारपेठेतील सोयाबीनच्या भावाकडे सगळ्या मराठवाड्याचे लक्ष असते. सोयाबीनचे पीठ किंवा वड्या भरपूर खाल्ल्या तर थायरॉक्झिनचे शोषण कमी होऊ शकते. गोळीपासून काही तास दूर खाल्ल्या तर बहुधा अडचण येत नाही. सोयाबीनच्या तेलाचा मात्र काही दोष नाही, कारण त्यात सोयाबीनची प्रथिने नसतात. शेतात सोयाबीन लावल्याने थायरॉइड होतो हा समज निराधार आहे.

आणखी एक गोष्ट घराच्या छपराची. लेव्होथायरॉक्झिन उष्णता, ओल आणि उजेड यांनी खराब होते. बहुतेक बाटल्यांवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना असते. नांदेडला आणि लातूरला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीतल्या फळीवर दुपारी त्याहून जास्त ताप असतो. शंभर गोळ्यांची बाटली तिथे तीन महिने राहते. उन्हाळ्यात अकारण टीएसएच चढले तर बाटली कुठे ठेवली होती हेही विचारावे. खालच्या कोनाड्यात, माठाजवळ पण ओल लागणार नाही अशा बेताने ती ठेवली की पुरते.

गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर: इथे मात्र ‘कॅल्शियम कमी झालं’ हे निदान खरे असते आणि वेळ फार थोडा असतो. थायरॉइडच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या, बहुधा चार, परावटू ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियम सांभाळणे हे त्यांचे काम. थायरॉइड काढताना त्यांना इजा झाली किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटला, तर साधारण एक ते तीन दिवसांत ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. मग हातापायांची बोटे वळू लागतात. हाताचा अंगठा तळव्याकडे ओढला जातो, बाकीची बोटे सरळ जुळून पुढे येतात. पायाची बोटे खाली वळून तळव्याला कमान पडते. मुंग्या नुसत्याच असतील तेव्हा रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा दंडावर फुगवून तीन मिनिटे धरला की हात तसाच वळतो. फ्रेंच वैद्य आर्मां त्रूसो यांच्या नावाने ही खूण ओळखली जाते. उपचार शिरेतून कॅल्शियम आणि नंतर तोंडाने कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाचा क्रियाशील प्रकार, असा असतो. मॅग्नेशियम कमी असेल तर ते भरल्याशिवाय कॅल्शियम टिकत नाही. बहुतेकांत ही कमतरता तात्पुरती असते; सहा महिने ते वर्षापलीकडे राहिली तर कायमची धरतात.

परावटू ग्रंथी, कॅल्शियम आणि हातपाय वळणे यांना जोडणारा हा धागा उलगडायला वैद्यकाला वेळ लागला. व्हिएन्नात शल्यचिकित्सक बिलरोथ यांच्या रुग्णालयात थायरॉइड काढलेल्या रुग्णाचे हातपाय वळल्याची नोंद १८७९ मध्ये अँटोन व्योल्फ्लर यांनी केली. पुढच्याच वर्षी उप्सालाच्या ईवार सँडस्ट्रोम या विद्यार्थ्याने माणसातील परावटू ग्रंथींचे वर्णन लिहिले, पण हातपाय वळण्याशी त्यांचा संबंध कुणी जोडला नाही. कॅल्शियम दिल्याने वळणे थांबते हे १९०९ मध्ये मॅकॅलम आणि फग्टलिन यांनी दाखवले.

नांदेड-लातूरच्या रुग्णांसाठी शस्त्रक्रियेनंतरच्या या गोळ्यांत व्यवहाराचा भाग मोठा आहे. थायरॉइडच्या गाठीसाठी देगलूर, बिलोली, उदगीरकडची मंडळी जुन्या सवयीने हैदराबादला जातात. कर्करोगाची किंवा किरणोत्सारी आयोडीनची बाब असेल तर मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात किंवा १९६३ पासून तिथेच चालणाऱ्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. सुट्टी लवकर मिळते आणि परतीचा रात्रीचा प्रवास नेमका त्या धोक्याच्या दिवसांत पडतो. बोटे वळू लागली तर मोठ्या शहरात परत जाण्याची वाट पाहू नये. शिरेतून कॅल्शियम देण्याचा उपचार नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेतही होतो. शस्त्रक्रियेचा कागद जवळ असावा, एवढेच.

थायरॉक्झिन जास्त होते तेव्हा: या अवस्थेत गोळ्यांपेक्षा अशक्तपणा ठळक असतो, मांड्या-दंड बारीक होतात. कार्बिमॅझोल (थायरॉक्झिन कमी करणारी गोळी) किंवा किरणोत्सारी आयोडीनने पातळी झपाट्याने खाली आली की काहींना पहिल्या एक-दोन महिन्यांत गोळे येतात. मात्रा सावरली की ते थांबतात. मुख्यतः तरुण पुरुषांत दिसणारा एक विरळ प्रकार लक्षात ठेवण्याजोगा आहे: आदल्या दिवशी भरपूर कष्ट, रात्री भरपेट भात किंवा गोड जेवण आणि पहाटे पाय उचलत नाहीत. रक्तातील पोटॅशियम एकदम घसरल्याने हे होते. पायाला वारे लागले म्हणून चोळत बसण्याची ही वेळ नव्हे. तातडीने रुग्णालय गाठावे.

थायरॉइडचा संबंध नसलेले गोळे: थायरॉइडची गोळी घेणाऱ्या व्यक्तीलाही इतर कारणे असतातच. उन्हात खुरपणी किंवा रास करताना घामावाटे मीठ जाते आणि वर नुसतेच पाणी पोटभर प्यायले की गोळे येतात. ताक-मीठ किंवा ओआरएसने थांबतात. गरोदरपण, मधुमेह, लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, मूत्रपिंडाचे विकार, ब-१२ ची उणीव, वाढते वय ही नेहमीची कारणे. नांदेड जिल्ह्यात, विशेषतः किनवटकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथला पाय आखडणारा, दातांवर पिवळे-तपकिरी डाग असलेला रुग्ण थायरॉइडच्या खात्यात टाकण्याआधी त्याच्या पाण्याची चौकशी करायला हवी.

गोळा आल्यावर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे नडगीकडे ओढावीत किंवा जमिनीवर टाच टेकवून उभे राहावे. ताण बसला की स्नायू सुटतो. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा रात्रीच्या पेटक्यांवर, निदान वयस्कांत, फारसा उपयोग होत नाही, असा २०२० च्या कॉक्रन आढाव्याचा निष्कर्ष आहे. क्विनीन यासाठी पूर्वी सर्रास दिले जाई. त्याने रक्तातील बिंबिका (प्लेटलेट) घसरून जीव गेल्याच्या घटना घडल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये त्याविरुद्ध कारवाई केली. ते स्वतःहून घेऊ नये.

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये असो की लातूरच्या सरकारी ओपीडीत, तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत न्याव्यात आणि कोणती किती वाजता, चहाच्या आधी की नंतर, हे कागदावर लिहून न्यावे.