तोरण्यापासून खेत्रपाल मैदानापर्यंत
राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला पंडित नेहरूंनी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी खडकवासल्यात बसवली. जानेवारी १९५५मध्ये तिचे उद्घाटन झाले. वेल्ह्याच्या तोरणा किल्ल्याचे नाव कॅडेटांच्या एका खडतर सरावशिबिराला मिळाले, हे भोर-वेल्ह्याचे भूषणच. मराठी मुलांना प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेसाठी तयार करायला राज्य सरकारने १९७७ साली औरंगाबादेत सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली, आणि आईवडिलांचा मोठा भार हलका झाला.

प्रबोधिनीतल्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणानंतर तिथल्याच खेत्रपाल मैदानावर दीक्षांत संचलन होते. पालक डोळे भरून पाहतात. अधिकारपद मात्र पुढच्या प्रशिक्षणानंतरच मिळते. लष्करात जाणाऱ्यांचे त्या प्रशिक्षणाचे एक वर्ष डेहराडूनला जाते. तिथे खांद्यावरच्या ताऱ्यांवर घातलेले कापड बहुधा आईवडीलच काढतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या आदेशाने मुलींनाही प्रबोधिनीचे दार उघडले; ३० मे २०२५ रोजी पहिल्या १७ जणी संचलनात उतरल्या.